अध्यक्षांचं गवत

लाइल क्रँडलच्या घरासमोरचं गवत गेली नऊ वर्षं अडीच इंच होतं. पावणेतीन नाही, सव्वादोन नाही, अडीच. उन्हाळ्यात तो आठवड्यातून दोनदा यंत्र फिरवायचा, आणि फिरवून झालं की खिशातली सहा इंची पोलादी पट्टी काढून चार कोपऱ्यांत चारदा आणि मधोमध एकदा गुडघे टेकून मोजायचा. रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटे, गृहस्थ प्रार्थना करतोय. त्याचं अगदीच चुकत असे, असंही नाही.

हेरॉन ग्लेन ही बावन्न घरांची वसाहत. तिथल्या गृहमालक संघाचा लाइल नऊ वर्षं अध्यक्ष होता आणि संघाची चौतीस पानी नियमावली बहुतेक त्याच्याच हातची होती. घरांना कोणते रंग चालतील (तीन), टपालपेटी किती उंच असावी, बागेत प्लॅस्टिकचे फ्लेमिंगो का नसावेत (सकारण, दीड पान) हे सगळं तिच्यात होतं. नोकरीतही त्याची तीस वर्षं विम्याचे दावे तपासण्यात गेली होती. माणूस खोटं बोलतो, पट्टी बोलत नाही, हे त्याचं एकूण तत्त्वज्ञान. फ्लोरिडाच्या दमट हवेत तेवढ्या तत्त्वज्ञानावर माणूस सुखाने जगू शकतो.

१९८९च्या मे महिन्यात वसाहतीत सिनेमावाले आले.

त्यांच्यातर्फे स्थळं शोधायला आलेली रेनाटा कॉस नावाची बाई संघाच्या सभेत उभी राहिली आणि तिने गोष्ट सांगितली. परीकथाच, पण वटवाघळं आणि पडके बुरूज असतात त्या जातीची. गावाबाहेरच्या बंद कारखान्याच्या धुराड्यात साठलेल्या काजळीतून एक जीव जन्माला येतो. स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण हात लावील ते काळं होतं. टापटीप गल्लीतले लोक आधी त्याला कौतुकाने जेवायला बोलावतात आणि मग हाकलून देतात. त्यासाठी कंपनीला एक टापटीप गल्ली हवी होती आणि तिथली घरं पुदिना, पीच, लिंबू अशा मिठाईच्या रंगांत रंगवायची होती.

लाइल विरोधात चाळीस मिनिटं बोलला. रंगांबद्दलच्या नियम सातची त्याने तीनदा आठवण करून दिली. "आज पुदिना आला, उद्या जांभळा येईल," असं तो म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी "येऊ दे की" म्हणालं, त्याची त्याने इतिवृत्तात नोंद करायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनाटा त्याच्या घरापुढे आली. लाइलचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, रस्ता जिथे संपतो तिथे. तिने चाळीस फोटो काढले. मग चक्क पोटावर आडवी होऊन गवताचे पाच फोटो काढले. उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "मिस्टर क्रँडल, हेच घर. हे नसेल तर सिनेमा होणार नाही."

त्या संध्याकाळी अध्यक्षांनी खास सभा बोलावली. नियम सातला पोटनियम जोडला आणि मिठाईचे रंग तात्पुरते मंजूर केले.

करार चौदा पानांचा होता. लाइलने तो तीनदा वाचला, दोन स्वल्पविराम आणि एक तारीख दुरुस्त केली. फक्त आपल्या घराला सिनेमात काम काय आहे, एवढंच विचारायचं राहिलं. विचारायचं कशाला? बाई पोटावर आडवी झाली होती.

वीस जूनला सकाळी तो यंत्र घेऊन बाहेर आला, तर रेनाटा वाटेतच उभी.

"आजपासून गवत कापायचं नाही, मिस्टर क्रँडल."

"किती दिवस?"

"सात आठवडे. खिडक्यांचे पडदेही ओढलेले ठेवा. हे घर बारा वर्षं ओस पडलंय."

"मी राहतो त्यात."

"म्हणूनच पडदे म्हणते."

लाइलने यंत्राची मूठ घट्ट धरली. "ओसाडच घर हवं होतं, तर चार घरं सोडून तो एमेट साइक्स राहतो. तिथे तुम्हाला काही करावंच लागलं नसतं."

"पाहिलं ना. त्यांचं गवत अर्धं मेलंय. आम्हाला सात आठवड्यांत फूटभर वाढणारं गवत हवं होतं. चाळीस मैलांत इतकं निरोगी गवत दुसरं नाही."

इतक्या मोठ्या कौतुकाने त्याचा इतका मोठा अपमान आजवर कुणी केला नव्हता. तो "धन्यवाद" म्हणाला आणि आत आला.

"मी बहिणीला फोनवर सांगून बसले, आमचं घर सिनेमात मुख्य आहे म्हणून," त्याची बायको मॅक्सीन म्हणाली. "आता सांगते, घर मेलेलं दाखवलंय, पण काम झकास करतंय."

"सगळं वेळापत्रकात बसतं," लाइल म्हणाला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्याने खुणाही केल्या. शेवटचं दृश्य शुक्रवारी चार ऑगस्टला. शनिवारी पाच तारखेला गवत कापायचं. मंगळवारी आठ तारखेला संघाची निवडणूक, आणि अध्यक्षपदाचं दहावं वर्ष. तारखा आपल्या बाजूच्या असल्या की लाइलला झोप छान लागे.

जुलैत पाऊस रोज चारच्या सुमाराला पडू लागला आणि गवताला जणू नऊ वर्षांचा राग काढायची संधी मिळाली. पण सिनेमावाल्यांचं तेवढ्याने भागेना. त्यांनी ट्रक भरून तण आणलं. एका खास माणसाने दोन दिवस खपून ते लाइलच्या अंगणात एकेक रोप करून लावलं. ज्या जातीचं तण लाइलने चिमट्याने उपटून नामशेष केलं होतं, तेच आता कुंडीतून उतरत होतं. तो दाराशी उभा राहून बघत होता. शेवटी राहवलं नाही, तेव्हा म्हणाला, "त्याला इतकं पाणी घालू नका, मुळं कुजतील." आणि स्वतःचेच शब्द ऐकून आत गेला.

शेजाऱ्यांनी सल्ल्यात कसूर केली नाही. पुदिना रंगाच्या घरवाल्याने बकरी सुचवली. लिंबू घरवाल्या बाईने साप निघतील म्हणून सांगितलं आणि निघाला की आपल्याला बोलव म्हणाली, तिने जवळून कधी पाहिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, पाटी लाव, 'हे गवत नाटकी आहे.' लाइलने पाटीचा विचार केलाही, पण पाट्यांबद्दल नियम बावीस होता.

आणि डॉट हॅसब्रुक आली. डॉट ही संघाची उपाध्यक्ष, लाइलची समोरची शेजारीण. तिचं घर आता गुलाबी होतं आणि अंगणात सहा फ्लेमिंगो होते. ते सिनेमावाल्यांनीच उभे केले होते, म्हणजे कायदेशीर होते. सहा वर्षं अर्ज करून तिला एकही मिळाला नव्हता. येताना तिने स्वतःची पट्टी आणली होती.

"लाइल, सव्वासहा इंच."

"सहा आणि तीन अष्टमांश. तू पट्टी तिरकी धरतेस, डॉट."

"नियम अकरा. चार इंचांच्या वर नोटीस."

"नियम अकरा मी लिहिलाय."

"म्हणून तर तुला आठवण करून द्यायला लाज वाटतेय मला," डॉट म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. या निवडणुकीला ती उभी होती.

नोटीस रजिस्टर टपालाने जाते, असा नियम. तशी ती गेली. पण नेहमीचा पोस्टमन रजेवर होता. बदलीवर आलेल्याने गुडघ्याला लागणारं तण आणि ओढलेले पडदे पाहिले, पाकिटावर 'घर रिकामं' असा शेरा मारला आणि माणूस कर्तव्यदक्ष असल्यामुळे पुढचं सगळंच टपाल परत पाठवायला सुरुवात केली. आठ दिवस वाट पाहून लाइल टपाल कचेरीत गेला.

"त्या पत्त्यावर कुणी राहत नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

"मी राहतो."

"पुरावा?"

"विजेचं बिल."

"दाखवा."

"ते टपालाने येतं. तुम्ही परत पाठवलंत."

बाईने मान हलवली. तिला त्याची दया आली होती, पण दयेचा फॉर्म नव्हता. "पुढचं बिल आलं की घेऊन या," ती म्हणाली.

परत आलेली नोटीस दारावर चिकटवावी, असं नियमात पुढे होतं. सोमवारी चोवीस जुलैला लाइल आणि मॅक्सीन बाजारात गेले असताना डॉटने ती चार चिकटपट्ट्यांनी दारावर लावली. दोघं परतले तेव्हा अंगणात चित्रीकरण जोरात चाललं होतं. सहा वाजता दिवे बंद झाल्यावर लाइल नोटीस काढायला गेला, तर रेनाटा किंचाळली.

"हात लावू नका! तो कागद सात वेळा कॅमेऱ्यात आलाय. आता शेवटपर्यंत तिथेच राहिला पाहिजे."

"ती माझ्यावरची नोटीस आहे."

"अप्रतिम आहे. आमच्या लोकांना असं काही सुचलं नसतं. तो लाल शिक्का किती क्रूर दिसतो! कुणी काढलाय?"

"मी," लाइल म्हणाला. "एकोणीसशे त्र्याऐंशी साली."

"तुमच्यात कलाकार आहे, मिस्टर क्रँडल."

त्याच वेळी रस्त्यावरून एमेट साइक्स चालला होता. एमेट म्हणजे वसाहतीचा जुना गुन्हेगार. भावाच्या मागे राहिलेली एक होडी त्याने आठ वर्षं घरापुढे, चाकांच्या सांगाड्यावर ठेवली होती. दर रविवारी दुरुस्त करायचा, पाण्यात कधी नेली नाही. १९८१ साली तो लाइलविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला होता. त्याच वर्षी, योगायोगाने, नियम एकोणीस आला: नोटिशीनंतर चौदा दिवसांत दोष दूर केला नाही, तर त्या गृहमालकाला पदावर राहता येणार नाही आणि निवडणुकीला उभंही राहता येणार नाही.

एमेटने दारावरचा कागद लांबूनच ओळखला. टोपीला हात लावला. "स्वागत आहे, लाइल," म्हणाला आणि पुढे गेला.

लाइल डगमगला नाही. सोमवारी सात ऑगस्टला मुदत संपते, असं डॉटने नोटिशीवर लिहिलं होतं. तो शनिवारी पाचलाच कापणार होता. दोन दिवस हातात.

शुक्रवारी चार तारखेला शेवटच्या दृश्याची तयारी झाली. तीन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे नेहमीपेक्षा पाऊण तास आधी, आभाळ कोसळलं. सगळे कॅमेरे झाकत पळाले. काजळीच्या जिवाचं काम करणारा कर्टिस नावाचा तरुण नट एकटाच मागे राहिला. त्याच्या अंगावर काजळीचा पोशाख होता, टेकेल तिथे डाग पडायचा, म्हणून त्याला कुणी गाडीत घेतलं नाही. तो लाइलच्या मोटार ठेवायच्या छपराखाली येऊन उभा राहिला.

"बसा," लाइल म्हणाला आणि मग त्याची नजर पांढऱ्या खुर्चीवर गेली.

कर्टिसने ती नजर पाहिली. "राहू द्या. सात आठवड्यांत मला बस कुणी म्हणालं नाही. तुम्ही अर्धं तरी म्हणालात."

मॅक्सीनने खुर्चीवर वर्तमानपत्र टाकलं, "बस रे बाबा," म्हणाली आणि बर्फ घातलेल्या गोड चहात नळी खोचून ग्लास त्याच्या तोंडाशी धरला. तो लहान मुलासारखा प्यायला.

"शेवटच्या दृश्यात काय आहे?" लाइलने विचारलं.

"फार काही नाही. गल्लीतून त्याला हाकलतात. हे घाण केलंस, ते घाण केलंस म्हणून सगळे ओरडलेले असतात. मग तो इथे येतो. ही एकच जागा, जिथे आणखी काही बिघडण्यासारखं नाही. तो गवतात आडवा होतो आणि दिसेनासा होतो. बस्स."

"ओरडतं कोण?"

"गल्लीचा एक प्रमुख असतो. पट्टी घेऊन फिरत असतो सारखा."

लाइलने खिशातली पट्टी आणखी खाली दाबली. "हे पटकथेत आधीपासून होतं?"

"नाही, जूनमध्ये घातलं म्हणतात."

पाऊस छपरावर वाजत राहिला. "माणूस म्हणून कसा दाखवलाय तो?"

"वाईट."

"एखादा गुण असेलच की."

कर्टिसने प्रामाणिकपणे विचार केला. "टोपी चांगली आहे त्याची."

पाच वाजता रेनाटा छत्री घेऊन आली. सोमवार ते बुधवार सगळे कारखान्याच्या सेटवर अडकणार होते. शेवटचं दृश्य आता गुरुवारी, दहा तारखेला. "तोपर्यंत गवताला धक्का लावू नका हं, मिस्टर क्रँडल. सिनेमाचा शेवट तुमच्या अंगणात आहे."

शनिवारी लाइलने यंत्र बाहेर काढलं. पेट्रोल भरलं. गवताच्या कडेला दहा मिनिटं उभा राहिला. करारात एक कलम होतं, घरमालकाने अडथळा आणला तर कंपनी फक्त आपला मुक्काम हलवील, दंड वगैरे काही नाही. ते त्याला पाठ होतं. त्याने यंत्र परत आत नेलं.

"काय झालं?" मॅक्सीनने खिडकीतून विचारलं.

"पात्याला धार नाही."

दर महिन्याच्या एक तारखेला तो पात्याला धार लावायचा, हे बत्तीस वर्षांच्या संसारानंतर तिला माहीत होतं.  सोमवारी संध्याकाळी त्याने यंत्र पुन्हा बाहेर काढलं, आणि या वेळी तर पेट्रोल भरायचंही नाटक केलं नाही.

"कापलं नाहीस तर डॉट अध्यक्ष होईल," मॅक्सीन म्हणाली.

"होईल."

"आणि तुझी चौतीस पानं?"

"राहतील. नियम माणसावर अवलंबून नसतात." हे तो इतक्या ठामपणे म्हणाला, की क्षणभर त्याला स्वतःलाही बरं वाटलं.

मंगळवारी सात वाजता सभागृहात बावन्नपैकी सत्तेचाळीस घरांचे लोक आले. एरवी वीसही येत नसत. भिंतीला लागून टेबलावर कोंबडी, बटाट्याचं सॅलड आणि गोडाला तीन प्रकारचे पीच कॉबलर होते. लाइल नेहमीप्रमाणे निळा कोट घालून अध्यक्षांच्या टेबलाशी बसला, लाकडी हातोडी आपटली आणि पहिला विषय वाचला.

"प्लॉट एकतीस. नियम अकराचा भंग. गृहमालक लाइल क्रँडल हजर आहेत का?"

 तो उठून उभा राहिला. "हजर आहेत," म्हणाला आणि पुन्हा बसला.

"आज दुपारी चार वाजता मोजलेली उंची सव्वातेरा इंच. मोजणी मी केली. गृहमालकांना काही सांगायचं आहे का?" तो पुन्हा उठला. "गृहमालकांना काही सांगायचं नाही."

"अरे, सिनेमासाठी आहे ते," पुदिना घरवाला ओरडला. "सोडा या वेळी."

"सिनेमाला सवलत नाही," लाइल म्हणाला. "वादळाला आहे, पुराला आहे. मी पाहिलंय." मग त्याने नोटिशीची कार्यालयातली प्रत वाचली: चोवीस जुलैला दारावर लावली, मुदत चौदा दिवस, सात ऑगस्टला संपली. तारखा वाचताना तो मधेच थांबला, पाणी प्यायला, कागद पुन्हा पाहिला आणि आणखी थोडं पाणी प्यायला. "दोष दूर झालेला नाही. नियम एकोणीसप्रमाणे क्रँडल यांचं पद जातं आणि उमेदवारीही जाते. समितीचं मत?"

तीन हात वर झाले. त्यातला एक त्याचाच होता.

त्याने हातोडी डॉटच्या पुढ्यात ठेवली. मूठ तिच्या बाजूला येईल अशी नीट फिरवून ठेवली. भाषण करण्याचा प्रश्न नव्हता, ज्याचं पद गेलंय त्याला बोलायला वेळ देण्याची तरतूदच नव्हती. ती आपण का ठेवली नाही, याचं त्याला पहिल्यांदाच आश्चर्य वाटलं. तो खाली उतरला, तेव्हा पुढच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मोकळी जागा एकच, शेवटच्या रांगेत. एमेट साइक्सने शेजारच्या खुर्चीवरची आपली ताटली उचलून मांडीवर घेतली.

नऊ वर्षांत लाइलने ही रांग फक्त समोरून पाहिली होती. इथे बसलेल्यांच्या ताटल्या जास्त भरलेल्या असतात, हे तिथून दिसत नसे.

"पहिली नोटीस जड जाते," एमेट हळूच म्हणाला. "पुढे आपण फक्त तारीख बघतो." मग तो आणखी वाकला. "तुझी तारीख चुकलीय, लाइल. तिने रविवार धरलेत. नियमात रविवार सोडून चौदा दिवस आहेत. तुझी मुदत उद्या बुधवारी संपते. मी आठ वर्षं या रविवारांवरच जगतोय."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मीच लिहिलंय ते."

एमेट त्याच्याकडे बघत राहिला. "मग ऊठ ना! आत्ता बोल. आज निवडून ये, उद्या सकाळी गवत काप, भानगड संपली. थांब, तुला जमत नसेल तर मीच उठतो."

"बस खाली, एमेट."

"पण का?"

"त्यांचं काम गुरुवारी आहे," लाइल म्हणाला. "त्या पोराला आडवं व्हायला गवत लागणार."

एमेट बसला. थोड्या वेळाने त्याने आपल्या ताटलीतला अर्धा कॉबलर चमच्याने कापून लाइलपुढे सरकवला.

समोर मतदान झालं. एकच उमेदवार असल्यामुळे ते फार लांबलं नाही. डॉट अध्यक्ष झाली, तिने हातोडी आपटली, चष्मा लावला आणि पर्समधून घडी घातलेले कागद काढले. संघाचं भवितव्य, फ्लेमिंगोंचा प्रश्न, शिस्तीचं महत्त्व. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. लिंबू घरवाल्या बाईच्या हातातला पंखा थांबला. डॉटने कागद उलटला. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं.

लाइल एमेटच्या कानाशी वाकला. "किती बोलते रे ही बाई!"

"आम्ही नऊ वर्षं हेच म्हणतोय."

"डॉटबद्दल?"

"नाही," एमेट म्हणाला आणि त्याच्याकडे चमचा दिला.